हळकुंडाच्या आधी

इंग्रजी तेवढं राहिलंय माझं.
बाकीचे विषय चोवीस वर्षांमागंच सुटले,
इंग्रजीत अठ्ठावीस. सात कमी.
त्या सात मार्कांवर लग्न ठरलं
आणि मी वाळव्याहून सांगलीत आले, हळद निवडायला.
आता सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. मार्चात पेपर.

दुपारी सौदा उठतो, हमाल डबे सोडतात,
आणि पोत्यांच्या थप्पीआड तौफिक मला शिकवायला बसतो.
दस्तगीर हमालाचं पोरगं, नववी ब,
मिसरूड अजून फुटायचंय,
पण पट्टी हातात घेतली की थेट हेडमास्तर.

"मावशी, नाउन दोन जातीचे.
मोजता येणारे आणि न येणारे."
म्हटलं, जात तिथंबी हाय का?
तो हसला नाही. लिहा, म्हणाला,
वॉटर, शुगर, मनी. अनकाउंटेबल.

मनी?
आत दिवाणजी थुंकी लावून नोटा मोजत होते,
माझी हजेरी, सहा दिवस वजा अर्धा,
मी सोमवारपासून बोटांवर धरून बसलेली.
"नियम हाय," तौफिक म्हणाला.
आणि पाणी?
तो टेकला होता त्या भिंतीवर
त्याच्या डोक्याच्या हातभर वर पुराची रेघ.
आयर्विन पुलापाशी किती झालं, आता किती झालं,
एकेक फूट विचारत रात्र काढली होती आम्ही,
पोरं कडेवर, गॅसची टाकी माळ्यावर.

लिहून घेतलं.
मार्क पाहिजेत तर पाणी मोजता येत नाही.

काका, मामा, मावसा, आत्याचा नवरा, सगळे अंकल.
हे मात्र झकास.
आहेर आधी कुणाला, हा घोळच नाही.

मग पॅसिव्ह.
हळद निवडली जाते.
कुणाकडून, ते लिहिलं तरी चालतं,
नाही लिहिलं तरी मार्क कापत नाहीत.
असं म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं
आणि वाक्याच्या शेवटी 'बाय' लिहून
पुढं जागा सोडली.

पुस्तकाची पानं पिवळी झालीत.
कुठवर वाचलं ते अंगठ्याच्या डागावरनं कळतं.
टेन्सपाशी सगळ्यात गडद.
'हॅड' कुठं आणि 'हॅव' कुठं,
रात्री भाकरी थापतानासुद्धा माझं अडतं,
आणि धाकटी आतनं ओरडते, आई, करपली!

पेपरला शेजारच्या बाकावर सोळा वर्षांची पोरगी.
तिनं मला आधी 'मॅडम' म्हणून उठून जागा दिली.
प्रश्न पाचवा: मैत्रिणीला पत्र लिहा, तुमचा छंद सांगा.
तौफिकनं तिकिटं जमवायचा छंद पाठ करून घेतला होता.
तिकिटं मी एसटीची तेवढी जमवलीत, तीही कंडक्टर तपासेपर्यंत.

म्हणून लिहिलं,
डोळे मिटून पोत्यात हात घालते.
राजापुरी की सेलम, ते बोटं सांगतात.
एवढं इंग्रजीत आणायला अर्धा तास गेला.
हळकुंडाला शब्दच सापडेना.
टर्मरिक म्हणजे दुधातली, भाजीतली,
नवरीच्या अंगाची, सगळी हळद एकदम.
मग एच, ए, एल, एकेक अक्षर मांडत गेले
आणि मागं येऊन थांबले.
आधी काय लावायचं? अ का द?
तौफिक सांगायचा, पहिल्यांदा भेटलं तर अ,
ओळखीचं असलं तर द.

तपासणाऱ्याच्या ओळखीचं असणार नाही ते.
मी द लावला.

सर वाकून म्हणाले, "उत्तरपत्रिकेला हे पिवळं काय लागलंय?"
"निघत नाही, सर."
घंटेला दहा मिनिटं होती.
शी आणि ही-च्या पुढं राहिलेले
दोन एस तेवढे लावून घेतले.