रकाना अकरा

सोहारच्या त्या कचेरीत एसी इतका गार
की मी ओढणी दोनदा गुंडाळली.
दुभाषी मलबारी, समजूतदार. कागद उलटत म्हणाला,
"ताई, समितीनं ठरवलंय. निवासी केंद्र.
गुरुवारी भेट, दोन तास."
मुनीर सही करताना पेन झटकत राहिला,
शाई होती तरी.

रकाना अकरा: मूल कशानं शांत होतं?
जागा एका ओळीची.
काय लिहू? की झैद फ्रिजला कान लावून झोपतो,
फरशीवर, पाय उंबऱ्याबाहेर,
मोटर थांबली की उठतो
आणि बहिणीच्या दंडावर दात उमटतात,
खालून झाडूच्या दांड्याचे ठोके येतात,
आणि मुनीर दाराला पाठ लावून बसतो, उजाडेपर्यंत?

मी लिहिलं: आवाज.
"कुणाचा? आईचा?" दुभाष्यानं विचारलं.
मी हो म्हणाले.
अरबीत तेच गेलं.

त्या रात्री आम्ही तिघं झोपलो. सलग सात तास.
दापोलीला फोनवर हे सांगितलं नाही.

पहाटे फ्रिज घुमायला लागला.
मी तिथंच आडवी झाले, कान टेकवून.
केंद्रात स्वयंपाकघराला कुलूप असतं का,
विचारायचं राहिलं.