कोरडे चार, ओले चार

वहीच्या डाव्या पानावर मी लिहिलं: कोरडे, चार.
उजव्या पानावर: ओले, चार.
मग पेन्सिल चावत बसले.

कोरडा टायर गुळगुळीत, रेघच नसलेला तळहात.
तापला की मऊ होतो, रस्ता धरून ठेवतो.
ओल्याला खाचा असतात, पाणी बाहेर फेकायला.
दोन्ही नवे घेतले तर एक लाख चाळीस हजार.
आमच्याकडे एक्याण्णव.
शिवाय वेल्डिंगवाले गुलाम नबी, एमआयडीसीतले,
त्यांचे अकरा हजार द्यायचेत गणपतीपासून.
ते मागत नाहीत,
म्हणून त्यांच्या गल्लीतून मी गाडी काढत नाही.

"कोइमतूरले पाऊस काहून पडन बे?
पहाडाच्या आडोशाले हाये ते गाव."
श्रेयांक नकाशा उघडून बसला होता.
सस्पेन्शन त्याचं, त्यामुळे पैसा तिथंच जावा असं त्याला वाटतं.

अल्फिया काहीच बोलली नाही.
गाडी ती चालवते.
तिनं मोबाईल फक्त टेबलावर सरकवला:
मागचा ऑगस्ट,
ताडपत्रीखाली आमची गाडी, गुळगुळीत चारही पायांवर उभी,
आणि मागे, पाण्याच्या पडद्यात,
दुसऱ्यांच्या फेऱ्या.

मी खोडलं. पुन्हा लिहिलं.
कोरडे नवे, सत्तर.
ओले जुने, एकवीस.
नाशिकच्या एका टीमची गाडी भंगारात निघाली होती,
टायर तेवढे उरले होते, विधवेच्या दागिन्यांसारखे नाही,
आपले साधे, कोपऱ्यात पडलेले.
जर्सी रद्द. सहा हजार.
एसीचं स्लीपर. पाच हजार.
संध्याकाळी गुलाम नबींच्या गल्लीतून मी गाडी काढली, हॉर्न वाजवत.

ओले टायर आले मे महिन्यात,
ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, पंचेचाळीस डिग्रीत.
उन्हात रबर कडक होतं.
वॉचमन धुर्वेकाकांनी त्यांच्या खोलीतला कूलर टायरांकडे वळवला
आणि स्वतः दारात बसले, ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन.
"पावन्याले आधी हवा," म्हणाले.

पण खाचांवर भरवसा ठेवायचा कसा, पाणी दाखवल्याशिवाय?
वानाडोंगरीच्या पुढे एक ले-आऊट आहे,
प्लॉट पडलेत, रस्ते झालेत, माणसं यायची राहिलीत.
तिथं टँकर बोलावला. चौदाशे.
नळी सोडली, सिमेंट फुसफुसलं,
आणि कुठून कोण जाणे बाया आल्या,
गुंड घेऊन, बादल्या, पेंटचे डबे.

"काहून वं बाई, पानी रस्त्यावर काहून सांडून राहिले?"
"गाडी घसरते का पाहून राहिलो, मावशी."
"थे तं घसरनच."

यावर आमच्या कुणाकडेच आकडा नव्हता.
श्रेयांकनं नळी उचलली आणि पहिल्या गुंडात सोडली.
पाऊण तास तो भरत होता.
मी हिशेब केला नाही, एवढंच सांगते.

उरलं त्यात एक वळण भिजलं.
एकच. तेही सुकत चाललेलं.
अल्फियानं हेल्मेट घातलं,
आली, वळली, मागचं चाक एकदा हललं,
धरलं त्यानं.
पुन्हा आली. पुन्हा.
चौथ्या फेरीला वळण कोरडं होतं.
कमरेवर गुंड घेतलेली मावशी तोवर तिथंच उभी.
"नाई घसरली न वं," म्हणाली,
थोडी नाराज, थोडी नाही.

सोमवारी खापेकर सरांनी वही उघडली.
टँकर, चौदाशे.
"हे काय? ओल्यात की कोरड्यात?"
मी दोन्ही पानं पाहिली.
"मध्ये लिहू का, सर?"
त्यांनी चष्मा पुसला,
शिवणीवर बोट ठेवून पान सपाट केलं,
आणि सहीला जागा शोधू लागले.