ळ कशाला

भंगाराच्या कंटेनरमधून
सहीशिवाय मिळाला लॅपटॉप.
झाकणावर कंपनीच्या मालमत्तेचा स्टिकर,
स्टिकरवरचा नंबर माझ्याच अक्षरातला.

सोहारात त्या दिवशी सेहेचाळीस डिग्री होतं.
तो सुरू व्हायला
डाळीच्या तीन शिट्ट्यांएवढा वेळ घ्यायचा
आणि मग निळा पडून थांबायचा.

बाणकोटच्या हमदुलेनं उलटा करून फुंकला.
पंख्यातून वाळू निघाली, केसांची गुंतवळ, मेलेली मुंगी.
म्हणाला, "ह्याला काय झालेलं नाय.
ओझं जास्त झालंय. उतरवूया."
त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात पेन ड्राइव्ह होता,
त्यात अख्खी सिस्टिम,
मेहुणीच्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा लहान.

डोंगराचं चित्र नाही, खिडक्यांना सावल्या नाहीत,
उघडताना वाजायचं ते संगीत नाही.
करडा पडदा, चार चिन्हं, कोपऱ्यात घड्याळ.
मराठीच्या जागी आधी नुसते चौकोन,
ओळीनं, कॅम्पच्या भिंतीतल्या एसींसारखे.
फॉन्ट टाकला तशी आतून अक्षरं बाहेर आली.

घड्याळाचं मात्र जमलं नाही.
आतली बटणाएवढी बॅटरी मेलेली.
रोज जागा झाला की म्हणतो,
१ जानेवारी २००९.
मग बँक उघडत नाही, मुलाचा निकाल उघडत नाही,
सगळ्यांना वाटतं हा खोटं बोलतोय.
म्हणून ड्यूटीवरून आलो की
बूट काढायच्या आधी
मी त्याला आजची तारीख सांगतो.

हमदुलेनं विचारलं होतं, जुनी डिस्क पुसू?
नको म्हटलं, पेन ड्राइव्हवरच चालू दे.
का नको म्हटलं, तेव्हा माहीत नव्हतं,
किंवा होतं.

एका शुक्रवारी, सगळे झोपलेले असताना,
खाली उतरलो.
टाइमशीट. जानेवारी.
तेव्हा मी नवा टाइमकीपर, शर्टाला कडक इस्त्री.
साहेब म्हणाले होते, अकराला आठ लिही,
बाकीचं नंतर बघू.
मी आठ लिहिलं होतं.
सुबक लिहिलं होतं, रकान्यांना रंग देऊन.

बत्तीस नावं.
एकतीस निघून गेले, त्यातला एक पेटीतून.
उरला तुलबहादुर रोका,
गुडघा गेल्यापासून साइट ऑफिसात चहा करतो.
सव्वीस दिवस, रोजचे तीन.
अठ्ठ्याहत्तर तास.
फेब्रुवारीची फाइल मी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप परत देताना विचारलं,
टायपिंग शिकतोस?

आता तो रात्री जेवून येतो,
हात दोनदा धुऊन.
कळांवर मी देवनागरीचे स्टिकर चिकटवलेत.
आमची लिपी एक, शब्द शेजारचे.
एका बोटानं तो बायकोचं नाव शोधतो,
दिलमाया, मात्रा सापडेपर्यंत घाम.
कधी यंत्र त्याच्यासाठी थांबतं,
कधी तो यंत्रासाठी.
एक जीबीत दोघांचं भागतं.

परवा एका कळेवर बोट ठेवून म्हणाला,
"दाइ, यो के हो?"
ळ, म्हटलं. तुमच्यात नसतो.
"कशाला लागतो?"
केळं, म्हटलं. नारळ. फळा.
अजून एक शब्द जिभेवर आला होता,
रोज मी तोच भरत आलोय रकान्यात.
तो नाही सांगितला.

बंद करताना यंत्र विचारतं,
आजचं जपून ठेवू, की नको?
तुलबहादुर माझ्याकडे बघतो.
मी होवर दाबतो,
मग वहीच्या मागच्या पानावर, पेननं, लिहितो:
दोन तास.
अजून एकेचाळीस राहिलेत.

त्याला वाटतं मी फी मोजतोय.
काल जाताना उशीखाली
एक रियाल ठेवून गेला,
घडी घातलेला, चहाचा वास असलेला.