गुरुवारी पाणी नाही

सूचना दरवेळी तीच असते,
जिन्यात, मीटरच्या पेटीवर, खळीनं चिकटवलेली:
देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी पाणीपुरवठा बंद.
शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल.
नागरिकांनी सहकार्य करावे.

बुधवारी रात्री आख्खी धनकवडी सहकार्य करते.
बादल्या, पिंपं, कुकरची भांडी,
पटवेकरांकडे तर बाळाचा टबसुद्धा.
मी नळ सोडून टेबलाशी बसते.
माझ्याकडे तीन ओळी आहेत,
त्या कुणाला दाखवायच्या नाहीत
पहाटे साडेपाचपर्यंत.

नऊ दिवस झाले.
एस्टोनियातल्या एका पोरानं कळवलं, फार अदबीनं,
की गाभ्यात, अगदी आत,
आपण एक खोली रिकामी झाली असं लिहितो,
पण जुन्या भाडेकरूकडून किल्ली मागून घेत नाही.
नवा माणूस सामान लावतो.
जुना केव्हाही येतो, कुलूप काढतो,
आणि यंत्र त्याला घरचाच समजतं.

ही ओळ कुणी लिहिली?
त्याला एक आज्ञा असते. दोष कुणाचा, ते लगेच सांगते.
नाव माझं आलं.
बारा वर्षांपूर्वीची तारीख, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
शेजारी माझाच शेरा:
तात्पुरतं. नंतर बघू.

नऊ दिवस गावात हिंडले ती हे पोटात घेऊन.
स्वारगेटला गाड्यांच्या वेळा दाखवणारा फलक,
रक्तपेढीतला फ्रिज, रात्रभर स्वतःचा ताप लिहिणारा,
दूधवाल्याच्या हातातला फोन,
सगळ्यांच्या आत माझे ते दोन वाजून दहा.
बोलले तर दार उघडं.
गप्प राहिले तरी उघडंच,
फक्त कमी जणांना ठाऊक.
पटवेकर वहिनी म्हणाल्या, घसा बसलाय का गं?
मी मान हलवली.

कोपऱ्यावर खड्ड्यात उभा चावीवाला खुडे,
त्याला मात्र विचारलं, गळती सापडते कशी?
तो कमरेइतक्या चिखलातून म्हणाला,
दिसते तिथं नसते, ताई.
पाणी उतार बघून येतं. आपण चढ बघत जायचं.
दोनदा तर माझाच जोड निघाला.
मग? 
मग काय. बुजवला. कुणाचा म्हणून तो सोडायचा?

पहाटे साडेपाच. ग्रीनिचला मध्यरात्र.
पहिली ओळ किल्ली परत घेते.
दुसरी, परत घेतली का, ते पाहते.
तिसरी खोडलेली आहे,
ती म्हणजे तो शेरा.
खाली नाव घातलं, माझं आणि त्या पोराचं,
आणि लिहिलं: चूक माझी होती.
त्याची गरज नसते. लिहिलं.
शेवटी नेहमीचं वाक्य, थोडंफार जिन्यातल्यासारखं:
मशीन एकदा बंद करून पुन्हा चालू करावं लागेल.

सातपर्यंत बरेच जण म्हणाले, केलं.
एकानं विचारलं, तुमचे स्वल्पविराम असे का?
हडपसरच्या एका कारखान्यातून उत्तर आलं:
आमचं मशीन चारशे दिवस एकदाही बंद पडलेलं नाही.
खाली हसरा चेहरा.
मी समजावून लिहिलं. मग फोन केला.
साहेब म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत बघू.
नंतर बघू, असंच म्हणाले, अगदी याच शब्दांत.

शुक्रवारी खुडे चावी फिरवत होता, अर्धा आटा, मग थांबून,
परत अर्धा.
एकदम सोडलं की जुने जोड उडतात.
वर आमचा नळ आधी नुसता वाजला,
मग तांबडं आलं, मग उशिरा,
कमी दाबानं, पाणी.
टब भरायला घेतला नाही कुणी.

हडपसर: चारशे एक.