पिवळ्या रेघेच्या आत

मुरगावचा धक्का. रविवार, सकाळचे सात.
डोक्यावर उसनी हेल्मेटं घालून
आम्ही चौदा जण पिवळ्या रेघेच्या आत.

सेल्सो सांगतो: ही भिंत पोर्तुगिजांच्या वेळची,
हा खुंटा बघा, दोरखंडांनी झिजून झिजून
कंबर बारीक झालीय त्याची.
कुणीतरी हात फिरवतं. हाताला गंज, कोळसा, थोडं मीठ.

"आणि इथं, साली..."
भोंगा होतो.
साल भोंग्यात बुडून जातं,
परत कुणी विचारत नाही.

पुढे बार्जच्या नाळेशी
फळीवर लोंबकळत एक म्हातारा
नाव रंगवतोय. शेवटचं अक्षर अजून बाकी.
मोबाइल वर होतात.
ब्रश न थांबवता तो ओरडतो,
"तांकां कितें दाखयता रे?"

"तुकाच, पपा," सेल्सो म्हणतो,
आणि सकाळपासून पहिल्यांदा
पुढचं वाक्य विसरतो.

म्हातारा पाण्यात थुंकतो, हसतो.
मग आमच्याकडे मान वर करून, मराठीत:
"बघा की, हवं तेवढं बघा.
फक्त सावली काढा.
ओलं कुठं, कोरडं कुठं, कळत नाही."

चौदा जण आम्ही
अर्धं अर्धं पाऊल सरकतो,
रेघेबाहेर.