एक डबा, काळा

मुस्तवेच्या छापखान्यात हेल्दुरनं माझं चित्र
हात लांब करून धरलं, चष्मा कपाळावर ढकलला.
"निळ्याच्या किती छटा आहेत यात?"
सात, मी म्हटलं. आठवी कोपऱ्यात होती,
ती सांगितली नाही.
"माझ्याकडे एक डबा आहे. काळा."

पेइप्सी सरोवर गोठलं की मासे धरायला जाणारे
बर्फाला भोक पाडतात, फूटपट्टी घालतात,
जाडी फोनवर टाकतात, आणि तावोचा प्रोग्राम
सगळ्यांना सांगतो, आज पाऊल कुठं ठरेल.
फुकट आहे. कुणा एकाचा नाही.
म्हणून त्याला निदान चेहरा असावा असं ठरलं
आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मी काढला होता मासा, माशाखाली लाट,
लाटेवर तडा, तड्यात उजेड,
भोवती गोलाकार अक्षरांत नाव.
हेल्दुरनं ते लहान केलं, आणखी लहान,
अंगठ्याच्या नखाएवढं,
मग झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स.
पाचव्या कागदावर मासा मेला होता.
अक्षरांच्या मुंग्या झाल्या होत्या.

घरी येऊन खोडत बसले.
लाट गेली. उजेड गेला, त्याचं फार वाटलं नाही.
मासा खोडणं मात्र जिवावर आलं;
त्याच्या डोळ्यावर मी तीन रात्री घालवल्या होत्या.
शेवटी तेवढा डोळाच उरला:
काळा गोल, कड जरा ओबडधोबड,
मधे कोऱ्या कागदाची उभी फट.
ती फूटपट्टी.

तावो म्हणाला, शर्टाचं बटण.
त्याची बायको म्हणाली, मांजर.
कोल्क्याचा येवदोकिम कांद्याची पोती घेऊन आला होता.
त्यानं बोटानं गोलाची कड चाचपली,
कागदाला कुठली कड, तरी चाचपली.
"भोक आहे," म्हणाला, आणि पोती उतरवायला गेला.
त्याच्या घरची एक घसरगाडी
कुणीच वापरत नाही, हे मला नंतर कळलं.

हेल्दुरनं रबरी शिक्का केला.
पोत्यांवर, थर्मासच्या बुडावर, पावतीवर.
उलटा बसला तरी चालतो,
फिका बसला तरी कळतो.

मार्चच्या शेवटी, किनाऱ्यापासून शंभरेक पावलांवर,
कुणीतरी बुटाच्या टाचेनं भुसभुशीत थर घासून
खालचा काळा बर्फ उघडा केला होता,
गोल,
मधे पांढरी पट्टी तशीच ठेवून.
शाई नाही, कागद नाही.
पुढं पावलं उमटलेली नव्हती.

मी थोडा वेळ बघत उभी राहिले. कड ओबडधोबड होती.
मग आल्या पावली परतले.