छपरावरची नळी

डंडीच्या इस्पितळाच्या छपरावर एक नळी आहे,
मनगटाएवढी, तोंड खाली वळवलेलं,
पाऊस आत शिरू नये म्हणून.
तिच्यातून काही निघताना दिसत नाही.
एक सीगल शेजारी बसून असतो.

खाली, थिएटर चारमध्ये, एफी लम्सडेन.
वय एकोणऐंशी. ज्यूटच्या गिरणीत सव्वीस वर्षं.
मांजर पायात आलं, खुबा मोडला.
पाय गार पडलेत म्हणाली,
नर्सने आणखी एक पांघरूण घातलं.
"दहापासून उलटे आकडे मोजा," भूलतज्ज्ञ मोराग म्हणाली.
एफी सातापर्यंत पोचली.

निळ्या पट्टीच्या बाटलीतलं ते औषध
भलतं सोवळं:
रक्तात उतरतं, मेंदूपर्यंत जातं,
जवळपास कशालाच न शिवता
जसं गेलं तसं उच्छ्वासातून बाहेर.
यंत्र, भिंत, छप्पर,
मग टे नदीवरचं आभाळ.

एफी शुद्धीवर आली. टोस्ट मागितला.
चहात साखर कमी म्हणून कुरकुरली.
तिची तीन तासांची झोप तेवढी
वरच राहिली.

चौदा वर्षं राहते म्हणे, सरासरी.
आपल्याकडे चौदा वर्षं म्हटलं
की कोणीतरी परतीची वाट बघत असतं.
हिची कोण बघणार?
सहा वर्षांनी एफी गेली,
मांजर शेजाऱ्यांकडे.
झोप अजून वर,
न मागितलेलं पांघरूण
कुठल्याशा समुद्रावर ओढून.

मोराग वीस वर्षं सायकलने कामावर येते,
पावसात, उलट्या वाऱ्यात.
प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घालते.
एका रविवारी तिने कागदावर हिशेब मांडला:
असे तीन तास म्हणजे
मोटारीने लंडनला जाऊन परत.
आणि दिवसाला चार पेशंट.
पेन्सिल खाली ठेवून
तिने सायकलकडे पाहिलं,
मडगार्डला चिखल तसाच.

भूल दिली, भूल झाली:
मराठीत दोन्हीला एकच शब्द,
हे तिला कोण सांगणार?
आणि एफीचा खुबा तर नीट बसला होता,
ती जिना चढत होती. तेही खोटं नाही.

सोमवारी तिने निळ्या पट्टीचं यंत्र
गाड्यावरून उतरवलं.
जड निघालं.
जागेवर धुळीची चौकट राहिली,
ती ओल्या कपड्याने पुसली, दोनदा.
मग टॉर्क्विल बेअर्डच्या शिरेत सुई.
"दहापासून उलटे."
तो आठावरच थांबला.

छपरावर सीगल
नळीपासून दोन पावलं सरकला,
पुन्हा जागेवर आला.